लिनक्स फोनच्या दोन वाटा कुठे फुटल्या

अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, असतो, म्हणून ‘लिनक्स फोन’ म्हटलं की आधी थोडा गोंधळ होतो. इथे विषय आहे तो संगणकावरच्या लिनक्सचीच घडण घेऊन आलेल्या फोनांचा: लिब्रेम ५, पाइनफोन, सेलफिश किंवा उबुंटू टचवर चालणारे फोन. यातला रोज खिशात ठेवायला कोणता बरा, ही चर्चा हमखास रॅम आणि कॅमेऱ्याच्या आकड्यांवर जाते. माझ्या मते तिथे तिचा रस्ता चुकतो. या फोनांमधला खरा फरक समजायला पंधरा-वीस वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात ओपनमोको या मोकळ्या फोनच्या प्रकल्पाची. २००७चा निओ १९७३ आणि पुढच्या वर्षीचा फ्रीरनर हे फोन मोकळेपणात आदर्श होते, पण त्यांच्यात ३जी नव्हतं आणि ते मुख्यतः प्रोग्रामरांच्याच हाती राहिले. नोव्हेंबर २००९मध्ये नोकियाचा एन९०० आला. ६०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, ३२ जीबी साठवण. स्क्रीन सरकवली की खालून कीबोर्ड निघायचा, आज्ञा टाइप करायचं टर्मिनल आधीपासून बसवलेलं असायचं आणि डेबियन या संगणकावरच्या लिनक्सच्या पद्धतीने सॉफ्टवेअरची पॅकेजेस टाकता यायची. शिवाय फोन नीट लागायचा! मोठ्या कंपनीची ताकद आणि मोकळी प्रणाली यांचा असा मेळ मला नंतर दिसला नाही.

तो मेळ फेब्रुवारी २०११मध्ये मोडला. नोकियाचे तेव्हाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी कंपनीला मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनकडे वळवलं. त्याच वर्षी आलेला एन९ देखणा होता, पण बाजारात उतरण्याआधीच पोरका झालेला. नोकियातून बाहेर पडलेल्यांनी योला ही कंपनी काढली आणि २०१३च्या अखेरीस सेलफिश प्रणालीचा पहिला फोन विकायला आणला.

तोवर एक गोष्ट कायमची बदलली होती. चिप बनवणारे आता फक्त अँड्रॉइडसाठी ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर, लिहीत होते, आणि थोडेसेच फोन काढणाऱ्या कंपनीसाठी वेगळे ड्रायव्हर कोण लिहिणार? कार्स्टन मंक यांच्या लिबहायब्रिसने यावर तोड काढली: अँड्रॉइडचेच ड्रायव्हर साध्या लिनक्स प्रणालीतून वापरायचे. योलाने हीच वाट धरली, उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलनेही. २०१३मध्ये कॅनॉनिकलने उबुंटू एज या फोनसाठी लोकांकडे ३.२ कोटी डॉलर मागितले होते, जमले सुमारे १.२८ कोटी. तो फोन निघाला नाही. २०१५मध्ये बीक्यू आणि मेझूचे उबुंटू फोन आले, एप्रिल २०१७मध्ये कॅनॉनिकलने हात काढून घेतला आणि यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी काम पुढे नेलं. या वाटेवरच्या फोनांमध्ये कॉल, कॅमेरा, बॅटरी बऱ्यापैकी चालतात. किंमत एवढीच की कर्नल बहुधा कंपनीने दिला तेवढाच जुना राहतो.

हे ज्यांना पटत नव्हतं त्यांनी दुसरी वाट काढली: अँड्रॉइडचे ड्रायव्हर टाळून मूळ लिनक्स कर्नलच वापरायचा. २०१७मध्ये पोस्टमार्केटओएस ही फोनसाठीची लिनक्स प्रणाली सुरू झाली, फोन दहा वर्षं चालावा असा ध्यास घेऊन. त्याच वर्षी प्युरिझम या कंपनीने लिब्रेम ५साठी लोकांकडून पैसे गोळा केले. मूळ लिनक्स कर्नलवर चालेल अशी चिप, मोबाइल नेटवर्कशी जोडणारा मोडेम वेगळ्या कार्डावर, मोडेमसारखे भाग बंद करायला कडेला तीन स्विच. फोन जाडजूड झाला आणि अनेकांना फार उशिरा मिळाला. २०२०च्या सुरुवातीला पाइनफोन आला, १४९ डॉलरला. त्याचं मागचं झाकण काढलं की बोटाच्या नखाने हलवायचे सहा बारीक स्विच दिसतात: मोडेम, वायफाय, माइक, दोन कॅमेरे, हेडफोन. शेवटचा बंद केला की हेडफोनच्या भोकातून थेट सिरियल कन्सोल मिळतो, म्हणजे संगणक जोडून फोनला आज्ञा देता येतात. बॅटरी सॅमसंग जे७ची चालते, म्हणजे आपल्याकडच्या साध्या मोबाइल दुकानातही शोधता येण्यासारखी.

याच फोनात या वाटेचं दुखणंही जवळून पाहता येतं. बॅटरी पुरावी म्हणून प्रोसेसर झोपवावा लागतो, मोडेम तेवढा जागा राहतो. कॉल आला की मोडेमने प्रोसेसरला उठवायचं, मग रिंग वाजायची. यात काही सेकंद जातात आणि तेवढ्यात समोरच्याने फोन ठेवला तर संपलं. क्रस्ट हे छोटं फर्मवेअर आल्यावर पाइनफोन गाढ झोपू लागला आणि बॅटरीचा प्रश्न बराच हलका झाला. उठण्याची दिरंगाई मात्र पुरती गेली नाही.

भारतात हे फोन अगदीच आले नाहीत असं नाही. योलाचा फोन २०१४मध्ये स्नॅपडीलवर मिळायचा, २०१६मध्ये इंटेक्सने सेलफिशवरचा ॲक्वा फिश ५,४९९ रुपयांना आणला. पण त्याच २०१६ने इथल्या रोजच्या फोनची व्याख्याच बदलली. जिओ आलं ते फक्त ४जी घेऊन, म्हणजे व्हीओएलटीई (४जीवरून कॉल करण्याची सोय) नसेल तर साधा कॉलही नाही. आणि यूपीआयही त्याच वर्षी. नोंदणीसाठी ॲपला त्याच फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवावा लागतो. लिनक्स फोनवर वेड्रॉइड या सॉफ्टवेअरमध्ये अँड्रॉइडची ॲप्स चालतात, पण त्याला सिमपर्यंत पोहोचता येत नाही, आणि बऱ्याच बँकांची ॲप्स तिथे उघडतही नाहीत. त्यामुळे इथे तुलना करताना मी पहिल्यांदा विचारतो: आपल्या सिमवर व्हीओएलटीई लागतं का? त्यानंतर झोपलेला फोन किती वेळात वाजतो ते. पैशांसाठी मार्च २०२२पासून यूपीआय १२३पे आहे, साध्या कॉलवर चालणारं. ते लिनक्स फोनवरूनही वापरता येतं, अर्थात कॉल लागत असेल तर.