मशीनने बाटली नाकारली तर काय? आयर्लंडच्या डिपॉझिट परताव्याची माहिती

आयर्लंडला नव्याने आलेल्या मंडळींचा पहिल्या महिन्यातला प्रश्न ठरलेला असतो: "पावतीवर हे पंधरा-पंधरा सेंट कसले लावलेत?" दुसऱ्या महिन्यातला प्रश्न जरा चिडून येतो: "अहो, मशीन बाटली घेतच नाहीये, आता काय करू?" पहिल्याचं उत्तर चार ओळींत संपतं. हा लेख मुख्यतः दुसऱ्यासाठी आहे.

आधी त्या चार ओळी. १ फेब्रुवारी २०२४ पासून आयर्लंडमध्ये प्लास्टिकच्या बाटलीतलं किंवा कॅनमधलं पेय घेतलं की किमतीवर डिपॉझिट लागतं. १५० मिलिलिटरपासून ५०० मिलिलिटरपर्यंत १५ सेंट, आणि त्यापुढे ३ लिटरपर्यंत २५ सेंट. पावतीवर त्याची वेगळी ओळ येते. रिकामी बाटली किंवा कॅन दुकानातल्या परताव्याच्या मशीनमध्ये घातला, किंवा काही ठिकाणी काउंटरवर दिला, की तेवढेच पैसे परत मिळतात. योजना चालवणाऱ्या संस्थेचं नाव रि-टर्न.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून थम्स अपची काचेची बाटली घरी न्यायची, तर डिपॉझिट ठेवावं लागायचं किंवा बदल्यात रिकामी बाटली द्यावी लागायची. फरक एवढाच की वाणी ओळखीचा असायचा. बाटलीच्या तोंडाचा टवका उडालेला असला तरी "असू दे, ठेव तिकडे" म्हणायचा. मशीन "असू दे" म्हणत नाही.

अर्जदार तुम्ही नाही, बाटली आहे

पैसे परत मागताना तुमचं नाव, पत्ता, व्हिसा, पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक), अगदी खरेदीची पावतीसुद्धा कोणी विचारत नाही. बाटली तुम्ही विकत घेतलेली असावी अशीही अट नाही. रस्त्यावर सापडलेली, शेजाऱ्याने दिलेली, ऑफिसच्या टेबलावर राहिलेली, कुठलीही चालते. विद्यार्थी असा, पर्यटक असा, आईबरोबर आलेला आठ वर्षांचा मुलगा असो, मशीनला सगळे सारखेच.

पात्रता तपासली जाते ती बाटलीची, आणि तिथे मात्र पासपोर्ट ऑफिसलाही लाजवेल इतका काटेकोरपणा आहे. बाटली पेट (PET) प्लास्टिकची हवी, कॅन ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा. आकारमान १५० मिलिलिटर ते ३ लिटर. त्यावर रि-टर्नचा लोगो हवा. आतली वस्तू पेय असावी, पण दुधाची नसावी.

शेवटची अट आपल्या घरांत फार गोंधळ करते. लस्सी, ताक, पिण्याचं दही, दुधाची मोठी बाटली, यातलं काहीच योजनेत नाही. वाईनची, बिअरची किंवा सरबताची काचेची बाटली नाही. ती पूर्वीसारखीच बॉटल बँकेत, म्हणजे काच गोळा करायच्या सार्वजनिक पेटीत, टाकायची. फ्रुटीसारखे कागदी खोके नाहीत. पाच लिटरचा पाण्याचा कॅन ३ लिटरच्या वर जातो म्हणून नाही, आणि प्रोबायोटिकच्या त्या चिमुकल्या बाटल्या १५० मिलिलिटरच्या खाली म्हणून नाहीत. यातल्या कशावरही डिपॉझिट घेतलेलंच नसतं, त्यामुळे नुकसानही नाही. शंका आली की पावती पाहा. ओळ नाही, तर परतावाही नाही.

इंडियन स्टोअरमधल्या मालाबद्दल मुद्दाम सांगते. भारतातून किंवा आखातातून आलेले मँगो ड्रिंकचे, लिमकाचे कॅन इथे विकायचे तर आयातदारालाच उत्पादक धरलं जातं. त्याने रि-टर्नकडे नोंदणी करायची आणि मालावर लोगो आणायचा. योजना सुरू झाली तेव्हा जुना, बिनलोगोचा माल संपवायला दुकानांना ३१ मे २०२४ पर्यंत सवलत होती, ती केव्हाच संपली. म्हणून कॅनवर लोगो नाही आणि पावतीवर मात्र १५ सेंट लावलेत असं दिसलं, तर मशीनशी भांडून उपयोग नाही. त्याच दुकानात पावती घेऊन जा आणि तिथेच विचारा.

कागदपत्रे

लेबल. बस्स. त्यावरचा बारकोड म्हणजे बाटलीचं आधार कार्ड. लेबल सोललं, ओलं होऊन सुटलं, लहान मुलाने नखाने खरवडलं, की बाटली कितीही धडधाकट असली तरी अर्ज बाद. प्लास्टिकच्या बाटल्या धुऊन, लेबल काढून डाळ-तांदळाला वापरायची आपली सवय असते. वापरा जरूर, पण ते पंधरा सेंट विसरा.

प्रक्रिया

बाटली पूर्ण रिकामी करा. घरी ठेवायची असेल तर एकदा विसळून घ्या; नियमाने गरज नाही, पण कोकची पिशवी चार दिवस कपाटात राहिली की काय होतं ते नाकच सांगेल. झाकण लावलेलं राहू द्या. तसंही जुलै २०२४ पासून युरोपीय संघात झाकण बाटलीलाच जोडलेलं ठेवणं सक्तीचं आहे.

आणि चेपू नका. हे पुन्हा सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. हिरव्या बिनमध्ये (घरच्या रिसायकलिंगच्या डब्यात) जागा व्हावी म्हणून बाटल्या-कॅन दाबून टाकायची सवय इथल्या लोकांना वर्षानुवर्षांची, आपल्यालाही तीच. आता नेमकं उलटं. मशीन बाटली गोल फिरवून बारकोड शोधतं, तिचा आकार आणि वजन नोंदीशी ताडून पाहतं, पटलं की पैसे धरतं आणि मग आतल्या आत स्वतःच चेपून टाकतं. चेपण्याचं कारण असं की तीच बाटली कुणी काढून दुसऱ्यांदा घालू नये. म्हणजे बाटली चेपणं हाच पैसे दिल्याचा शिक्का. तो तुम्ही घरीच मारून आणलात, तर मशीनच्या लेखी ते काम होऊन गेलेलं असतं.

आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात एका उत्साही काकांनी हॉल आवरताना जवळजवळ १८० बाटल्यांवर पाय देऊन त्या छान चपट्या केल्या होत्या. सहा काळ्या पिशव्यांचं काम दोन पिशव्यांत! १८० गुणिले १५ सेंट म्हणजे २७ युरो. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसून तोंडाने फुंकून बाटल्या फुगवत होतो. ज्यांना घडी पडली नव्हती त्या फुगल्या, झाकण घट्ट लावलं की आकार टिकला आणि मशीनने घेतल्याही. चाळीसेक वाचल्या. कॅनच्या बाबतीत हा इलाज नाही. चेपलेला कॅन गेला तो गेलाच.

मशीनवर एक-एक बाटली घालायची, बूड आधी. दिवा हिरवा झाला की पुढची. सगळ्या झाल्यावर बटण दाबलं की व्हाउचर येतं. कुठल्याही दुकानातली बाटली कुठल्याही मशीनवर चालते, जिथून घेतली तिथेच जायला हवं असं नाही.

मशीन नाही म्हणालं तर

लाल दिवा म्हणजे कायमचा नकार नव्हे. बाटली बाहेर आली की ती काढून, बारकोडवरचं पाणी पुसून, दिशा बदलून पुन्हा घाला. आत घोटभर पेय राहिलं असेल तर वजन जुळत नाही, ओतून टाका. हात आत ठेवून बाटली ढकलली तरी मशीन थांबतं. तीन वेळा नाकारलं तर लोगो पाहा. लोगो नसेल तर ती कदाचित उत्तरेकडून आली आहे. न्यूरी किंवा बेलफास्टला स्वस्त खरेदीला जाणारे आपल्यात बरेच आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये ही योजना नाही (ब्रिटनची योजना ऑक्टोबर २०२७ साठी ठरली आहे), म्हणून तिथल्या बाटलीवर डिपॉझिट भरलेलं नसतं आणि इथे ते मिळतही नाही. ती हिरव्या बिनमध्ये टाका.

लोगो आहे, बारकोड धड आहे, तरी नकार? मग स्क्रीनचा आणि बाटलीचा फोटो काढा, दुकानाच्या कस्टमर डेस्कवर दाखवा, आणि तिथे निभलं नाही तर रि-टर्नच्या वेबसाइटवरून तक्रार नोंदवा. दुकानाचं नाव, दिवस, वेळ, बारकोडचे आकडे एवढं द्या. पंधरा सेंटसाठी कोण एवढं करतं, असं वाटणं साहजिक आहे. पण नोंदीत चुकलेला एक बारकोड त्या ब्रँडच्या प्रत्येक बाटलीला देशभर नाकारत असतो.

खरी चीड मात्र वेगळ्याच गोष्टीची आहे. रविवारी संध्याकाळी दोन मोठ्या पिशव्या घेऊन मी गेले तेव्हा तीन मशीनपैकी एक भरलेलं, एकाचा कागद संपलेला, आणि उरलेल्या एकासमोर अकरा माणसं. पाऊस अर्थातच होता. रांगेतल्या आजी म्हणाल्या, घरच्या बिनचे पैसे मी भरतेच, वर हे हमालीचं काम फुकटात. त्यांचं म्हणणं खोडून काढणं कठीण आहे. हिरव्या बिनचं बिल कमी झालेलं नाही आणि बाटल्या वाहून न्यायचं काम घरच्या माणसावर आलं. गाडी नसलेल्याला, गुडघे दुखणाऱ्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला ते जास्त जड जातं. २४ बाटल्यांच्या पाण्याच्या खोक्यावर ३ युरो ६० सेंट डिपॉझिट बसतं. स्वस्तातलं पाणी असेल तर ही रक्कम पाण्याच्या किमतीच्या तोडीस येते.

दुसरी चीड कोपऱ्यावरच्या दुकानाची. २५० चौरस मीटरपेक्षा लहान दुकानाला बाटल्या परत घेण्यातून सूट मागता येते. डिपॉझिट घेणं मात्र त्यालाही बंधनकारक. म्हणून "घेताना घेतलेत, देताना नाही म्हणता" हे भांडण काउंटरवर रोज होतं आणि दरवेळी दुकानदाराची चूक नसते. सूट न घेतलेली काही छोटी दुकानं मशीनशिवाय, हातानेच बाटल्या मोजून घेतात. ती शोधून ठेवा. रांग नसते, आणि पाच-सहा बाटल्यांसाठी तेच सोयीचं. दोन्ही प्रकारची ठिकाणं रि-टर्नच्या वेबसाइटवरच्या नकाशावर दिसतात. दुकानांना प्रत्येक बाटलीमागे हाताळणीची फी मिळते, तेव्हा उपकार म्हणून कोणी घेत नाही. संकोच करू नका.

व्हाउचर

हा कागद म्हणजे पैसे, आणि त्यावर तुमचं नाव नाही. हरवला तर दुसरा मिळत नाही. ज्या दुकानाच्या मशीनमधून आला, त्याच दुकानात चालतो. बाटली कुठेही द्या, पण पैसे तिथेच, हे अनेकांना उशिरा कळतं. त्याच्यावर खरेदीच केली पाहिजे असं नाही. टिलवर, म्हणजे बिलाच्या काउंटरवर, रोख मागा. "कॅश प्लीज" एवढं पुरतं.

शक्यतो त्याच दिवशी वापरा. कागद थर्मल असतो. आमच्याकडे एक व्हाउचर गाडीच्या काचेपाशी उन्हात राहिलं आणि आठवड्यात असं काळवंडलं की टिलवरच्या मुलीने उलटसुलट करून पाहिलं आणि मान हलवली. चार युरो ऐंशी.

न नेलेले पैसे कुठे जातात?

सरकारच्या खिशात नाही, दुकानाच्याही नाही. ते रि-टर्नकडे राहतात आणि योजनेच्या खर्चाला लागतात. २०२४ या पहिल्या वर्षाच्या हिशेबात अशा न मागितलेल्या डिपॉझिटची रक्कम ६ कोटी ६० लाख युरोंच्या वर होती. आकडा बाहेर आल्यावर लोक भडकले ते उगाच नाही. मशीन बंद असलं, रांग लांब असली, छोट्या दुकानाला सूट असली, तर बाटली बिनमध्ये जाते आणि पैसे योजनेकडे राहतात. ज्याने यंत्रणा नीट चालवायची, त्याचाच यंत्रणा न चालण्यात फायदा, असा वास लोकांना येतो. रि-टर्नची बाजूही आहे: युरोपीय संघाच्या नियमाने प्लास्टिकच्या बाटल्यांपैकी ७७ टक्के २०२५ पर्यंत आणि ९० टक्के २०२९ पर्यंत वेगळ्या गोळा करायच्या आहेत, म्हणजे जास्तीत जास्त बाटल्या परत येणं हेच त्यांचं काम. दोन्ही खरं आहे. माझ्यापुरता मी असा हिशेब लावते की माझे पंधरा सेंट मी त्यांच्याकडे ठेवायचे नाहीत.

घराबाहेर प्यायलेल्या बाटलीचं काय, हेही विचारलं जातं. हॉटेलात बसून प्यायलात तर सहसा डिपॉझिट लागतच नाही, बाटली त्यांच्याकडेच राहते. पार्सलवर मात्र लागतं. विमानतळावर आणि मोठ्या कार्यक्रमांत 'रिटर्न फॉर चिल्ड्रन'च्या पेट्या असतात. त्यात टाकलेल्या बाटलीचे पैसे मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना जातात. डब्लिनमध्ये काही कचराकुंड्यांना बाहेरून बाटल्या-कॅन ठेवायचं कडं लावलं आहे. बाटली कुंडीत न टाकता तिथे ठेवा, म्हणजे ज्याला ती हवी आहे त्याला कचऱ्यात हात घालावा लागत नाही.

यंदा गणपतीच्या हॉलवर दाराशीच दोन पिशव्या टांगणार आहोत, एक बाटल्यांना आणि एक कॅनना. वर मोठ्या अक्षरात मराठीत पाटी: "चेपू नये." काकांना पाटीशेजारीच खुर्ची देणार आहोत.