रॅम वाढली, वेग का घटला?

डेस्कटॉप संगणकाची रॅम वाढवणे हे घरच्या घरी करता येण्याजोगे काम आहे. वीजपुरवठा बंद करायचा, बाजूचे झाकण उघडायचे आणि मदरबोर्डवरच्या रिकाम्या स्लॉटमध्ये नवी स्टिक क्लिप बसेपर्यंत दाबायची. संगणक सुरू होतो, विंडोजमध्ये १६ ऐवजी ४८ जीबी दिसू लागतात आणि काम फत्ते झाल्याचे समाधान मिळते. मग चार-दोन दिवसांत ध्यानात येते की पूर्वी सुरळीत चालणारा गेम आता अडखळतो आहे, किंवा मोठे फोल्डर झिप व्हायला जास्त वेळ लागतो आहे. अशा वेळी बहुतेकांना नव्या स्टिकमध्येच दोष असल्याची शंका येते. प्रत्यक्षात बहुधा प्रत्येक स्टिक धडधाकट असते आणि तरीही मेमरी पूर्वीपेक्षा खरोखरच हळू चाललेली असते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर, चार स्लॉटचा मदरबोर्ड आणि त्यावर ८ जीबीच्या दोन डीडीआर४ (म्हणजे डीडीआर मेमरीच्या चौथ्या पिढीच्या) स्टिक. त्यांचा वेग ३२००, म्हणजे सेकंदाला ३२०० मेगाट्रान्सफर, आणि सीएल हा विलंबाचा आकडा १६. त्यांच्या जोडीला १६ जीबीच्या दोन नव्या स्टिक आणल्या. वेष्टनावर वेग तोच, ३२००. चारही बसवल्यावर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात मेमरीचा वेग दिसतो २१३३. (सीपीयू-झेड हा प्रोग्राम वापरणाऱ्याला १०६६ दिसेल. त्याने घाबरू नये. डीडीआर मेमरी क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते आणि तो प्रोग्राम फक्त ठोके मोजतो.)

हा २१३३ आकडा कुठून आला? प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते. ही स्टिक कोणत्या वेगाला, किती विलंबाने आणि किती व्होल्टला चालते, याची नोंद तिच्यात असते. संगणक सुरू होताना बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा मूलभूत प्रोग्राम, ती नोंद वाचतो. वेष्टनावर ठळकपणे छापलेला ३२०० हा वेग अनेक स्टिकच्या बाबतीत मूळ नोंदीतला नसतो. तो एक्सएमपी या जादा नोंदीतला असतो. इंटेलने ही पद्धत २००७ साली डीडीआर३च्या काळात आणली. तिच्यात डीडीआर४ला प्रमाणित १.२ व्होल्टऐवजी बहुधा १.३५ व्होल्ट द्यावे लागतात आणि ती बायोसमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते. स्टिक बदलल्यावर किंवा वाढवल्यावर अनेक मदरबोर्ड ही निवड पुसून मूळ नोंदीवर परततात. काही वेळा बोर्ड आधी ३२०० करून पाहतो, ते जमत नाही, एक-दोनदा आपोआप बंद-चालू होतो आणि मग निमूटपणे सुरक्षित वेग धरतो. पडद्यावर याची सूचना येतेच असे नाही.

या घसरणीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ३२०० वेगाला दोन चॅनेल (प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणाऱ्या वाटा) मिळून सेकंदाला ५१.२ जीबी माहिती वाहू शकते, २१३३ला ३४.१ जीबी. विलंबाचे गणितही तितकेच बोलके आहे. सीएल म्हणजे मागणी नोंदवल्यापासून पहिली माहिती हाती येईपर्यंत मोजायचे ठोके. ३२००ला १६ ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद, तर २१३३ला १५ ठोके म्हणजे १४ नॅनोसेकंदांहून थोडे अधिक. सीएल १६वरून १५वर आला म्हणून मेमरी चपळ झाली असे समजणे चूक आहे, कारण ठोकाच लांबला आहे. शिवाय या पिढीच्या रायझनमध्ये प्रोसेसरच्या भागांना जोडणारा इन्फिनिटी फॅब्रिक हा अंतर्गत मार्ग सर्वसाधारणपणे मेमरीच्या क्लॉकशी एकास एक बांधलेला असतो. मेमरी १६००वरून १०६६ मेगाहर्ट्झवर उतरली की तो मार्गही तिच्याबरोबर उतरतो. अशा संगणकांवर मंदपणा अधिक जाणवतो तो यामुळे.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी पुन्हा चालू करणे. एएमडीच्या काही बोर्डांवर त्याचे नाव डीओसीपी असते आणि डीडीआर५च्या पिढीत एक्स्पो. पुष्कळदा गोष्ट इथेच मिटते. चार स्टिक असतील तर मात्र मिटेलच असे सांगता येत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

आपण मेमरीकडे शून्य-एकची स्वच्छ देवाणघेवाण म्हणून पाहतो, पण तांब्याच्या रेषेवरून धावतो तो शेवटी विजेचा कमी-जास्त होणारा दाबच. एका चॅनेलवरचे दोन स्लॉट एकाच रेषेवर टांगलेले असतात. दोन्ही भरले की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला दुप्पट भार हलवावा लागतो. त्यातच एका स्टिकशी चाललेल्या संभाषणाचा काही अंश दुसऱ्या स्टिकच्या टोकावरून परावर्तित होऊन परत येतो आणि मूळ संदेशात मिसळतो. रिकाम्या वाड्यात मोठ्याने आणि भराभर बोलले तर स्वतःच्याच प्रतिध्वनीमुळे शब्द कळेनासे होतात. सावकाश बोलले तर प्रतिध्वनी विरायला वेळ मिळतो. कंट्रोलरसुद्धा हेच करतो. संगणक सुरू होताना तो प्रत्येक रेषेवर चाचणीचे संदेश पाठवून योग्य क्षण आणि योग्य दाब शोधतो. या क्रियेला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५मध्ये पहिल्या वेळी तिला काही मिनिटेही लागू शकतात, म्हणून काळा पडदा पाहून लगेच वीज बंद करू नये.

निर्माते ही मर्यादा लपवत नाहीत, पण ती तपशीलपत्रकाच्या तळाशी असते आणि तिथवर कोणी जात नाही. रायझन ३००० मालिकेसाठी एएमडीची ग्वाही दोन स्टिकना ३२००ची आहे. चार एकेरी रँकच्या स्टिकना २९३३ आणि चार दुहेरी रँकच्या स्टिकना २६६७. रँक म्हणजे एकत्र ६४ बिट माहिती देणारा चिपचा गट. १६ जीबीच्या अनेक डीडीआर४ स्टिकवर असे दोन गट असतात. डीडीआर५ वापरणाऱ्या रायझन ७०००मध्ये दरी आणखी रुंदावते: दोन स्टिकना ५२००, चारांना ३६००. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. आज दोन स्टिक घेऊ, पुढे पैसे आले की आणखी दोन घालू, हा आपला काटकसरीचा जुना हिशेब डीडीआर५ला लागू पडत नाही.

चॅनेलची चूकही तितकीच सर्रास आढळते. ८ जीबीच्या दोन काढून ३२ जीबीची एकच बसवली, तर क्षमता दुप्पट होते आणि वाहतुकीची वाट निम्मी, ५१.२चे २५.६ जीबी उरतात. दोन स्टिक असूनही त्या शेजारी-शेजारी, एकाच चॅनेलच्या स्लॉटमध्ये बसवल्या तरी हाच परिणाम होतो. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन स्टिकची जागा प्रोसेसरकडून मोजता दुसरी आणि चौथी असते. बोर्डाची पुस्तिका एकदा उघडून खात्री करावी. ८ आणि १६ अशी विषम जोडी असेल, तर इंटेलच्या फ्लेक्स पद्धतीत पहिले १६ जीबी दुहेरी चॅनेलने चालतात आणि उरलेले ८ एकेरी.

वेगवेगळ्या स्टिक एकत्र असताना सर्वांना एकच वेग आणि बहुधा सर्वांत सैल विलंब पाळावा लागतो. दिंडी तिच्यातल्या सर्वांत थकलेल्या वारकऱ्याच्या पावलाने चालते, तसे. नवी स्टिक २६६६ची असेल तर जुन्या ३२००च्या स्टिकनाही २६६६वर यावे लागते. दुकानात आपण 'सोळा जीबी, बत्तीसशे' एवढेच सांगतो आणि सीएल विचारत नाही. सीएल १६ आणि सीएल २२ या दोन्ही स्टिक बत्तीसशेच्याच असतात, पण दुसरीचा विलंब १३.७५ नॅनोसेकंद असतो.

क्षमतेची स्वतःचीही थोडी किंमत असते. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६मध्ये कल्पिलेल्या या मेमरीत प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखा सतत झिरपत असतो, म्हणून डीडीआर४मध्ये दर ६४ मिलिसेकंदांत सारी मेमरी पुन्हा भरावी लागते. त्यासाठी सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी काम थांबते. ८ गिगाबिटच्या चिपला यात ३५० नॅनोसेकंद जातात, १६ गिगाबिटच्या चिपला ५५०. म्हणजे साडेचार टक्क्यांच्या जागी सात टक्के वेळ. हा फरक बायोसमधल्या कोणत्याही बटणाने पूर्ण पुसता येत नाही.

शोध घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. फक्त जुन्या दोन स्टिक ठेवून वेग पाहावा, मग फक्त नव्या दोन. दोन्ही जोड्या स्वतंत्रपणे ३२००ला चालत असतील आणि चार एकत्र चालत नसतील, तर दोष स्टिकचा नसून भाराचा आहे. मग बायोस अद्ययावत करावा आणि एक्सएमपी चालू ठेवून वेग हाताने २९३३ किंवा २६६६वर आणावा. प्रत्येक बदलानंतर मेमटेस्ट८६ प्लस हा मोफत प्रोग्राम रात्रभर चालवावा, आणि एकही चूक दिसली तर आणखी एक पायरी उतरावे. याबाबत मी कोणतीही सूट देणार नाही. अस्थिर मेमरी संगणक बंद पाडते तेव्हा ते निदान कळते, पण ती फोटोंतले आणि हिशेबांतले बिट गुपचूप बदलते तेव्हा बॅकअपही बिघडलेलाच घेतला जातो.

आपल्या उदाहरणातला संगणक २९३३ आणि सीएल १६वर स्थिर झाला, तर विलंब १०.९ नॅनोसेकंद आणि वाहतूक सेकंदाला ४६.९ जीबी होईल. पूर्वीपेक्षा किंचित कमी. काम १६ जीबीत मावत नव्हते आणि संगणक वारंवार एसएसडीकडे धाव घेत होता, तर हा सौदा निःसंशय फायद्याचा आहे, कारण एसएसडीकडची एक फेरी रॅमच्या फेरीपेक्षा सुमारे हजारपट लांब असते. काम १६ जीबीतच मावत असेल, किंवा ३२ जीबी पुरेसे असतील, तर नव्या दोनच स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये ठेवून जुन्या दोन घरातल्या दुसऱ्या संगणकात बसवणे मला अधिक योग्य वाटते.