किती वेळ आणि किती वेळा

दिवाळी सरून बडोद्यात पहाटेचा गारवा आला की दांडिया बाजारातल्या आमच्या मामांची मान धरते. यंदा त्यांनी एका स्पाचं पॅकेज घेतलं: अर्ध्या अर्ध्या तासाच्या दहा मालिशी, दर रविवारी एक. मामी म्हणाली, "तेवढ्या पैशांत तिळाच्या तेलाचे डबे आले असते. रोज पाच मिनिटं लावत जा की!" त्यावरून दोघांची जुंपली. गंमत अशी की दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते आणि दोघंही तिला मालिशच म्हणत होते.

मामीचं म्हणणं अभ्यंगाचं. अभ्यंगात तेल लावायचं आणि जिरवायचं, जोर करायचा नाही. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट तो रोज करायला सांगतो आणि डोकं, कान, तळपाय यांच्याकडे विशेष लक्ष द्या म्हणतो. किती वेळ, याचाही जुना हिशेब आहे. आयुर्वेदातल्याच सुश्रुताच्या ग्रंथावर भाष्य लिहिणाऱ्या डल्हणानं तो मात्रांमध्ये दिलाय: तेल केसांच्या मुळाशी पोचायला 300 मात्रा, त्वचेत 400, मग रक्त, मांस, मेद, हाडं असं एकेक शंभरानं वाढत मज्जेपर्यंत 900. मात्रा म्हणजे एक ऱ्हस्व अक्षर उच्चारायला लागणारा वेळ. सेकंदाचा तिसरा हिस्सा धरला तर 900 मात्रा पाच मिनिटांत होतात! तेल खरोखर मज्जेपर्यंत जातं का, यावर मी पैज लावणार नाही. पण थोडक्यात आणि रोज, हा त्यामागचा विचार पटतो. आपण नेमकं उलट करतो. रोजचं काम वर्षभर तुंबवून नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्यासकट एकदाच उरकतो.

मामांना हवं होतं ते मर्दन. आखडलेला स्नायू शोधायचा, दाबायचा, रगडायचा, मोकळा करायचा. बडोद्याच्या माणसाला हे नव्यानं सांगायला नको. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या माणिकरावांचा हाडांवर आणि स्नायूंवर चालणारा हात इथल्या जुन्या घरांत अजून आठवला जातो. मर्दनात पाच मिनिटांत काही होत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं तर अंग सैल पडण्यातच जातात.

यावर अमेरिकेत चांगले प्रयोग झालेत. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जुनी मानदुखी असलेल्या 228 जणांना चार आठवडे वेगवेगळ्या मापानं मालिश दिली. काहींना अर्धा तास, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा. काहींना एक तास, एकदा, दोनदा किंवा तीनदा. तासाची मालिश आठवड्यातून दोन-तीन वेळा मिळालेल्यांना स्पष्ट फरक पडला. अर्ध्या तासवाले मात्र मालिश न घेतलेल्यांच्या फारसे पुढे गेले नाहीत, आठवड्यातून तीनदा घेऊनसुद्धा. गुडघ्याच्या झिजेचं माप वेगळं निघालं. 2012 च्या प्रयोगात 125 जणांवर आठ आठवडे पाहिलं, तर आठवड्यातून एकदा एक तास हे सर्वांत सोयीचं ठरलं.

म्हणजे अभ्यंगात वेळा महत्त्वाच्या, वेळ थोडा चालतो. मर्दनात आधी वेळ पुरा हवा, आणि वेळा दुखण्यावर ठरतात, त्याही ठरावीक मुदतीपुरत्या. मामांच्या पॅकेजमध्ये वेळही अर्धा आणि वेळाही एकच. मानेच्या त्या प्रयोगात इतकं कमी माप कुणाला दिलंच नव्हतं. महिनाभरात काही फरक वाटला नाही तर मी तरी पुढचे पैसे भरणार नाही. फरक वाटला तर अंतर वाढवत पंधरवड्यावर, मग महिन्यावर न्यावं. दुखणंच नसेल, नुसतं बरं वाटावं म्हणून करायची असेल, तर तिला कसलं आलंय माप? खिसा सांगेल तसं.

मर्दनानंतर एखाद-दोन दिवस अंग ठणकतं, ते उतरेपर्यंत पुन्हा रगडून घेऊ नये. काळेनिळे डाग उठले तर हात जास्त पडलाय. ताप असेल, एकाच पोटरीला सूज आली असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मानेबरोबर हाताला मुंग्या येत असतील, तर मालिशवाल्याच्या आधी डॉक्टर. अभ्यंगाला एवढी पथ्यं नाहीत. सर्दी-कफ आणि अपचन असताना मात्र तो करू नये, असं वाग्भटच सांगतो.

मामांनी मग स्पात जाऊन विचारलं, दोन अर्धे तास जोडून एक करून द्याल का? ते "चालेल" म्हणाले. आठवड्यातून दोनदा धरलं तर पॅकेज अडीच आठवड्यांत आटपतंय. तेलाचा डबा मामीनं तोवर आणलाच होता.