पार्श्वभूमी : हाताला जुळणारी बॅटरीची व्हीलचेअर

शिबिरात बॅटरीची व्हीलचेअर मिळते, फोटो निघतो, चावी हातात पडते. पण तिची जॉयस्टिक, म्हणजे हाताने हलवून खुर्ची चालवायची छोटी दांडी, वापरणाऱ्याच्या हाताप्रमाणे जुळवून घ्यावी लागते, हे नाशिकमध्ये किती घरांत कुणी सांगितलेलं असतं?

या खुर्चीचा जन्म युद्धातून झाला. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी जॉर्ज क्लाइन यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये विजेवर चालणारी खुर्ची घडवली. १९५६ पासून एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज या अमेरिकी कंपनीने अशा खुर्च्या मोठ्या प्रमाणावर काढल्या. चाकं ढकलायचं बळ मोटरने पुरवलं, दिशा देणारा हात मात्र ज्याचा त्याचाच राहिला. हात अजिबात चालत नसेल त्यांच्यासाठी पुढे हनुवटीने, डोक्याने, अगदी तोंडातल्या नळीत फुंकून चालवायची सोय झाली.

अवघड दुखणं आहे ते अर्धवट चालणाऱ्या हाताचं. कंप असेल तर जॉयस्टिकचा लहानसहान थरथराट गाळता येतो, पण जास्त गाळलं की खुर्ची उशिरा ऐकते आणि दारात आपटते. स्नायू कमजोर असतील तर उलट, थोड्या हालचालीलाही तिने दाद द्यायला हवी. २००० साली अमेरिकेतल्या एका सर्वेक्षणात डॉक्टर-थेरपिस्टांनी सांगितलं, की प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी नऊ-दहा टक्के लोकांना रोजच्या कामांसाठी अशी खुर्ची वापरणं अत्यंत कठीण किंवा अशक्यच जातं.

मिशिगन विद्यापीठाच्या ‘नॅवचेअर’ या प्रायोगिक खुर्चीने १९९०च्या दशकात ध्वनिलहरींनी अडथळे ओळखून माणसाच्या इशाऱ्याला दुरुस्ती देऊन पाहिली. दारातून जाताना वेगळी मदत, भिंतीच्या कडेने जाताना वेगळी. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी पुढचा प्रश्न घेतला : माणसाला नेमकं कुठे जायचंय याचा अंदाज त्याच्या चालवण्याच्या पद्धतीवरून बांधायचा आणि तेवढीच मदत करायची. मला हे जास्त पटतं. सगळंच यंत्राने केलं, तर बसणारा नुसता प्रवासी उरतो.

आपल्याकडे अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत, २०१४ च्या सुधारणेनंतर, मोटरवरची साधनं आली. पण नाशिकमधल्या भद्रकालीच्या गल्लीत, समोरून दुचाकी घुसत असताना, सेन्सरवाली खुर्ची पावलोपावली थांबेल. आपल्या हाताशी आज आहे ती साधी गोष्ट : वेग, वेगवाढ आणि जॉयस्टिकची संवेदनशीलता बदलता येणारा कंट्रोलर. मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या, स्नायू हळूहळू कमजोर करणाऱ्या आजारात हात बदलत जातो, म्हणून ही जुळणी थेरपिस्टकडून पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते. खुर्ची घेताना तिचा कंट्रोलर असा जुळवता येतो का, दुकानदाराला तेवढं विचाराच.