फूड वॉकचे दोन पूर्वज

पुढे गाईड, मागे दहा-बारा जणांचा घोळका, अडीच-तीन तासांत दोन-तीन किलोमीटरची पायपीट, सहा-सात ठिकाणी थांबून दोन-दोन घास आणि अधूनमधून एखाद्या जुन्या इमारतीसमोर पाच मिनिटांची गोष्ट. फूड वॉकचा हा साचा आता कुठल्याही खंडात गेलात तरी तोच भेटतो. धंदा म्हणून तो तसा ताजाच आहे. मोठ्या शहरांत त्याचा जम बसला तो विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. पण ज्या दोन सवयींच्या जोडणीतून तो उभा राहिला, त्या जुन्या आहेत. त्यांतली एक प्रतिष्ठित आहे आणि तिचं नाव सगळे आवर्जून घेतात. दुसरीबद्दल या धंद्यातले लोक फारसं बोलत नाहीत. माझ्या मते फूड वॉक दिसायला पहिलीवर गेलाय, पण रक्त बरंचसं दुसरीचं आहे.

आधी प्रतिष्ठित घराणं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा ग्रीक प्रवासलेखक ग्रीस पायाखाली घालत होता, तेव्हा देवस्थानांत माहिती सांगणारे स्थानिक लोक त्याला ठिकठिकाणी भेटत होते. त्याच्या थोडा आधीचा ग्रीक लेखक प्लुटार्क डेल्फीच्या देवस्थानातल्या गाईडांबद्दल जे लिहून गेलाय ते वाचून हसू येतं: आवरतं घ्या म्हणून विनवण्या केल्या, तरी त्यांनी आपलं ठरलेलं पाठांतर आणि शिलालेखांचा अर्थ सांगणं काही सोडलं नाही. पुढे बाराव्या शतकात रोममधल्या चमत्कारांची यात्रेकरूंसाठी पुस्तिका निघाली. अठराव्या शतकात इंग्रज सरदारांची पोरं इटलीत भाड्याचे वाटाडे घेऊन हिंडली. १८३०च्या दशकात लंडनचा मरे आणि जर्मनीचा बेडेकर या प्रकाशकांची खिशात मावणारी मार्गदर्शकं आली आणि १८४१मध्ये थॉमस कुकने दारूबंदीवाल्यांचा मोठा जथा लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेऊन आणला. १८६६मध्ये लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर पाट्या लावायची कल्पना सोसायटी ऑफ आर्ट्सने उचलली. पुढच्या वर्षी लागलेली पहिली पाटी कवी बायरनच्या जन्मघराची होती. ते घर पुढे पाडलं गेलं, पण रस्त्यावर उभं राहून भिंतीकडे बघायची आणि आत कोण राहत होतं ते ऐकायची सवय टिकली.

या घराण्यात खाणं जवळजवळ नाहीच. मार्गदर्शक पुस्तकांत ते येतं ते सोय म्हणून, नाहीतर सावधगिरीची सूचना म्हणून: कुठलं हॉटेल स्वच्छ आणि कुठलं टाळावं. चर्च, कमानी, पुतळे हे बघायचे. जेवण हे मधल्या वेळात उरकायचं.

रस्त्याने चालत, दुकानामागून दुकान घेत शहर सांगायची तऱ्हा दुसरीकडेच वाढत होती, आणि गाईडांच्या नव्हे तर खवय्यांच्या हातून. चीनमधलं काइफंग हे उत्तरेकडच्या सुंग घराण्याचं राजधानीचं शहर ११२७मध्ये उत्तरेकडून आलेल्या जुर्चेन लोकांच्या सैन्याच्या हाती पडलं. तिथून दक्षिणेला पळालेल्या मंग युआनलाओ नावाच्या माणसाने त्या शहराची आठवण लिहून काढली. त्याची प्रस्तावना ११४७ची आहे. त्यातलं पुलाजवळच्या रात्रीच्या बाजाराचं वर्णन मुळातच चालत्या माणसाचं आहे. वेशीबाहेर पडा, पुलापासून दक्षिणेला वळा, रस्त्यातच भाताची पेज, शिजवलेलं मांस, सुकवलेलं मांस. मग पुढचं दुकान, त्याच्या पुढचं दुकान. उन्हाळ्यात काय, हिवाळ्यात काय, आणि एकेका पदार्थाला पंधरा तांब्याच्या नाण्यांहून जास्त पडत नाहीत, हेही तो सांगतो. बाजार मध्यरात्र उलटेपर्यंत चालायचा. ज्या गल्लीत परत पाय ठेवता येणार नव्हता तिचा इतिहास त्याला राजवाड्यापेक्षा खाण्याच्या टपऱ्यांतून जास्त आठवला. इतिहास आणि खाणं एका दमात सांगणारं याच्याइतकं जुनं लेखन माझ्या तरी डोळ्यासमोर नाही.

दुसरा मासला पॅरिसचा. राज्यक्रांतीनंतर सरदारांच्या हवेल्या बसल्या, काही आचाऱ्यांनी स्वतःची रेस्टॉरंटं थाटली आणि हातात नवा पैसा खेळणाऱ्या लोकांना चांगलं काय हे सांगणारा कुणीतरी हवा झाला. ती जागा ग्रिमो द ला रेनिएरने घेतली. हा वकील, नाटकांचा समीक्षक आणि अट्टल खवय्या. १८०३मध्ये त्याच्या खवय्यांच्या पंचांगाचा पहिला भाग आला आणि त्यात पॅरिसच्या वेगवेगळ्या मोहल्ल्यांतून केलेली एक ‘पौष्टिक’ फेरी होती: या भागात पेस्ट्री कुणाची, त्या भागात मसाल्याचा व्यापारी कोण, अशी. आजच्या फूड वॉकचा नकाशा इथे तयारच आहे, फक्त मागून चालणारा घोळका तेवढा नाही. आणि आजच्या फूड वॉकचं दुखणंही तयार आहे. ग्रिमोने घरी चाखणाऱ्यांचं मंडळ बसवलं, व्यापारी आपला माल नमुन्यादाखल पाठवू लागले आणि मंडळाचा निकाल छापून येऊ लागला. फुकट आलेल्या मालावर दिलेला निकाल कितपत खरा, ही कुजबुज लगेच सुरू झाली. गाईड याच दुकानात का थांबतो आणि शेजारच्या दुकानात का नाही, हा प्रश्न दोनशे वर्षांनीही तोच आहे. जपानमध्ये १८२४ साली एदोच्या (आजच्या टोकियोच्या) दुकानांची जी सूची निघाली, तिचाही एक वेगळा भाग निव्वळ खाण्यापिण्याच्या जागांसाठी होता.

पण या लेखनाचा वाचक एकटा हिंडायचा, आणि तो त्याच शहराचा असायचा. परक्यांचा जथा दुसऱ्याच्या वस्तीत नेऊन ‘हे लोक कसे राहतात, काय खातात’ हे दाखवायचं, ही चाल वेगळी आहे; सुरुवातीला म्हटलेली दुसरी सवय ती हीच. तिचा उगम बरा नाही.

१८८०च्या दशकात लंडनच्या सुखवस्तू मंडळींना ईस्ट एंडमधल्या गरिबांच्या गल्ल्या बघायला जायचं वेड लागलं. कुणी दयाबुद्धीने जात, कुणी मजेसाठी, आणि दोन्हींतली सीमारेषा पुसटच होती. याला ‘स्लमिंग’ म्हणत. १८८४मध्ये हे फॅड न्यूयॉर्कला पोहोचल्याच्या बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांत आल्या. तिथे त्याचं आवडतं ठिकाण ठरलं चायनाटाऊन. पैसे घेऊन लोकांना तिथे फिरवणारे गाईड उभे राहिले. त्यांतला सगळ्यांत गाजलेला चक कॉनर्स. हा आयरिश वळणाचा माणूस स्वतःला चायनाटाऊनचा मेयर म्हणवायचा. त्याच्या फेरीत देऊळ, चिनी जेवण आणि शेवटी अफूचा अड्डा असे. अड्डा मात्र बनावट असायचा. आत धूर ओढत पडलेली माणसं पैसे देऊन बसवलेली. पाहुण्यांना जो थरार हवा होता तो वस्तीत मिळत नव्हता, म्हणून मांडावा लागत होता.

याच फेऱ्यांमुळे हजारो अमेरिकन माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा चिनी स्वयंपाक चाखला, हेही खरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चॉप सुईची तिकडे जी लाट आली, तिला अशा रात्रीच्या फेऱ्यांनी हातभार लावला. परक्या वस्तीची भीती आणि परक्या पदार्थाची चटक एकाच तिकिटावर विकली गेली. आजचे गाईड ‘लपलेली गल्ली’, ‘पर्यटकांना ठाऊक नसलेली जागा’ असं म्हणतात तेव्हा आवाज सौम्य असतो, पण गिऱ्हाइकाची जी नस दाबली जाते ती तीच.

वस्तीनेही हे ओळखलं. सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाऊन एप्रिल १९०६च्या भूकंपात आणि आगीत खाक झालं. शहरातले पुढारी ही संधी साधून चिनी लोकांना दूर हंटर्स पॉइंटकडे हलवायच्या बेतात होते. तेव्हा लुक टिन एली या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने चिनी व्यापाऱ्यांनी त्याच जागेवर नवं चायनाटाऊन उभारलं, आणि ते मुद्दाम पॅगोडाची छपरं, लाल-सोनेरी रंग असं बांधलं. आराखडे गोऱ्या वास्तुविशारदांचे. पाहायला लोक आले तर शहराचा धंदा होईल आणि धंदा झाला तर कुणी आपल्याला इथून उठवणार नाही, असा रोकडा हिशेब होता. तो बरोबर ठरला. आज फेरीत ‘शंभर वर्षांपूर्वीचं चिनी वातावरण’ म्हणून दाखवली जाणारी ती छपरं टिकून राहण्यासाठी केलेला सौदा आहेत. हे सांगणारा गाईड भेटला तर फेरीचे पैसे वसूल झाले समजा.

ही दोन घराणी जवळ आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. इतिहास म्हणजे फक्त राजे आणि लढाया नव्हेत, आपल्या गल्लीलाही तो असतो, ही जाणीव तेव्हा पसरू लागली. सुरुवातीच्या उपक्रमांचा तोंडवळा मात्र जुनाच होता. १९५१मध्ये बोस्टनच्या एका पत्रकाराच्या सूचनेवरून तिथल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या जागा जोडणारी चार किलोमीटरची पायवाट आखली गेली. नंतर तिच्यावर लाल रेघही आली. वाट पायी, पण विषय राष्ट्रपुरुषांचा. वळण बदललं ते पाडापाडीने. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९६३ पासून पाडलं गेलं, त्यावर उठलेल्या संतापातून १९६५मध्ये शहराचा वास्तुजतन कायदा आला. तिथल्याच जेन जेकब्स या लेखिकेने १९६१मध्ये फुटपाथ, कोपऱ्यावरची दुकानं आणि रस्त्यावर सतत असणारे डोळे यांवरच शहर जगतं असं मांडलं, आणि हमरस्त्याखाली वस्ती जाऊ नये म्हणून ती रस्त्यावर उतरून लढली. तिच्या मृत्यूनंतर, २००७मध्ये, टोरांटोत तिच्या नावाने रहिवाशांनीच घडवलेल्या मोफत फेऱ्या सुरू झाल्या. तिकडे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजभोवती रॅफेल सॅम्युएल या इतिहासकाराने कामगारांना स्वतःचा इतिहास लिहायला लावलं. १९७८मध्ये स्वीडनचा लेखक स्वेन लिंडक्विस्ट म्हणाला, जिथे उभे आहात तिथे खणा. १९८०च्या दशकात जर्मन शहरांत मोहल्ल्यांच्या इतिहासाच्या कार्यशाळा निघाल्या.

गल्लीचा इतिहास सांगायला बसलं की खाणं टाळताच येत नाही. गरीब माणसाच्या घरावर पाटी लागत नाही, त्याची कागदपत्रं क्वचितच उरतात. पण त्याची भट्टी, त्याचं लोणच्याचं पिंप, त्याची खानावळ बराच काळ टिकते. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट ही १८६३ची चाळवजा इमारत आहे. १९३५मध्ये तिचे वरचे मजले बंद झाले, तोवर तिथे सुमारे सात हजार माणसं राहून गेली होती. १९८८मध्ये तिच्यावर टेनेमेंट म्युझियम सुरू झालं. तळघरात एकेकाळी एका जर्मन जोडप्याचा बिअरचा गुत्ता होता. तो आता इतिहास म्हणून उभा केलाय, आणि शेजारपाजारच्या गल्ल्यांतल्या फेऱ्या त्याच धाग्याने विणल्या जातात.

लंडनमध्ये हेच काम ब्रिक लेनच्या कोपऱ्यावरची एक विटांची इमारत करते. १७४३मध्ये ती बांधली फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंट ह्यूगनॉट विणकरांनी, चर्च म्हणून. पुढे ती मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाकडे गेली, १८९८मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग झाली आणि १९७६मध्ये बांगलादेशी वस्तीची मशीद. वर भिंतीवर १७४३चं सूर्यघड्याळ अजून आहे, ‘आम्ही सावली आहोत’ अशा लॅटिन ओळीसह. त्या एका कोपऱ्यावर उभं राहून गाईडला तीन लोंढे सांगता येतात, आणि थोड्याच पायी अंतरात बेगल आणि करी दोन्ही खायला घालता येतात. अशा वस्त्या बहुतेक बंदर, रेल्वे स्टेशन किंवा जुन्या वेशीजवळ असतात. नव्याने आलेला माणूस पहिलं भाडं परवडेल तिथे उतरतो आणि दाटीमुळे सगळं पायी अंतरावर राहतं. फूड वॉक बहुधा याच भागांत का होतात, याचं उत्तर यात आहे. नव्या उपनगरांत घास आणि गोष्ट यांच्यामध्ये गाडी लागते.

खाण्याला वारसा म्हणायची भाषा त्यानंतर अधिकृत झाली. १९८६मध्ये रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स उघडण्याला कार्लो पेत्रिनी आणि मंडळींनी विरोध केला, त्यातून स्थानिक खाणं जपणारी स्लो फूड चळवळ उभी राहिली. युनेस्कोने २००३मध्ये अमूर्त वारशाचा, म्हणजे इमारतींऐवजी परंपरा आणि कौशल्यांचा, करार केला. २०१०मध्ये फ्रेंच जेवणाचा थाट त्याच्या यादीत आला, २०२०मध्ये सिंगापूरची हॉकर संस्कृती. २०१६च्या अखेरीस एअरबीएनबीने खोल्यांबरोबर ‘अनुभव’ही विकायला काढले, आणि गाईड व्हायला कार्यालय, पाटी यांची गरज बऱ्याच ठिकाणी उरली नाही.

याचा फायदा झाला तसा तोटाही. गोष्टी स्वस्त झाल्या. नेपल्समध्ये १८८९ साली राणी मार्गरितासाठी राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांचा पिझ्झा केला, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. तिचा पुरावा म्हणून दाखवलं जाणारं राजघराण्याचं आभारपत्र अस्सल आहे का, यावर त्यावरच्या शिक्क्यापासून अक्षरापर्यंत अभ्यासकांनी शंका घेतल्यात. तरी कथा चालते, कारण हातात गरम तुकडा असताना कुणी शिक्का तपासत नाही. प्लुटार्कचे गाईड निदान उपाशीपोटी माणसांपुढे बोलत होते.

आणि परक्या वस्तीचं प्रेक्षणीय स्थळ करायचं ते जुनं दुखणं परत वर आलंय. ॲमस्टरडॅमने २०२०मध्ये रेड लाइट भागातल्या खिडक्यांसमोरून नेणाऱ्या फेऱ्या बंद केल्या. तिथे काम करणाऱ्या बायका म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, असं कारण दिलं. व्हेनिसने २०२४मध्ये गट पंचवीस माणसांवर आणला आणि भोंगे बंद केले. खाण्याच्या फेऱ्यांच्या दृष्टीने सगळ्यांत बोलका निर्णय त्याआधीचा, बार्सिलोनाचा. तिथल्या ला बोकेरिया मंडईत पर्यटकांचे घोळके इतके वाढले की मासळी आणि भाजी घ्यायला येणाऱ्या बायकांना गाळ्यापर्यंत पोहोचणं मुश्किल झालं. एप्रिल २०१५पासून शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी आठ ते दुपारी तीन, म्हणजे ऐन खरेदीच्या वेळी, पंधरापेक्षा मोठ्या गटांना आत मनाई झाली. तोवर अनेक गाळ्यांवर किलोने विकायची फळं मागे सरली होती आणि पुढे कापलेल्या फळांचे पेले आणि रसाच्या रंगीत बाटल्या आल्या होत्या. फोटो काढणाऱ्याला चालता चालता हातात धरता येईल, असाच माल.