ट्रोपोनिन एकदा तपासून का भागत नाही?

छातीत दुखू लागलं, अर्ध्या तासात रुग्णालय गाठलं, ट्रोपोनिन ‘नॉर्मल’ आलं आणि मंडळी निर्धास्त झाली. इथेच घात होऊ शकतो. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूपेशींच्या आतलं प्रथिन. पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपतं, पण मोजता येण्याइतकं साठायला वेळ लागतो. जुन्या पद्धतीच्या चाचणीत वाढ दिसायला ३ ते ६ तास जातात, हाय सेन्सिटिव्हिटी (अगदी सूक्ष्म प्रमाणही टिपणाऱ्या) चाचणीत १ ते ३. म्हणूनच पहिल्या नमुन्यानंतर, चाचणीच्या प्रकारानुसार, १ ते ३ तासांनी (जुन्या चाचणीसाठी आणखी उशिरा) पुन्हा रक्त घेतात. तो दुसरा नमुना नाकारू नका.

डॉक्टर एकट्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक पाहतात. ट्रोपोनिनचे टी आणि आय असे दोन प्रकार तपासतात. हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टीची मर्यादा लिटरला १४ नॅनोग्रॅम. निरोगी माणसांपैकी ९९ टक्के तिच्या आत असतात. आधी १८ आणि नंतर १९ आलं, तर मूत्रपिंडाचा जुना विकार किंवा दीर्घकाळचं हार्ट फेल्युअर (हृदय शरीराच्या गरजेइतकं रक्त नीट पंप करू न शकणं) असू शकतं. १८ वरून ७० झालं, तर इजा ताजी आहे. तीही दर वेळी हार्ट अटॅकमुळेच होते असं नाही: हृदयस्नायूचा दाह, फुफ्फुसात अडकलेली गुठळी, सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं) यांतही ट्रोपोनिन चढतं.

दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करण्याआधी एकक बघा. लिटरमधले १४ नॅनोग्रॅम म्हणजे मिलिलिटरमधले ०.०१४. शिवाय ट्रोपोनिन आय आणि टी यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगा. काही चाचण्यांमध्ये त्यामुळे ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं. आणि ईसीजीत हार्ट अटॅक स्पष्ट दिसत असेल, तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी उपचार थांबवायचे नसतात. तो ईसीजी रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा.

धाप लागत असेल तर प्रश्न बदलतो (हार्ट फेल्युअर तर नाही ना?), आणि चाचणीही: बीएनपी या हार्मोनची. बीएनपी १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नावात ‘ब्रेन’ (बीएनपीतला ‘बी’) आलं. प्रत्यक्षात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून स्रवतं. कप्प्याची भिंत ताणली गेली की एक लांब प्रथिन तुटून त्याचे दोन तुकडे होतात: बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी. अचानक धाप लागलेल्या रुग्णात मिलिलिटरला बीएनपी १०० किंवा एनटी-प्रोबीएनपी ३०० पिकोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर हार्ट फेल्युअरची शक्यता फारच कमी. मात्र लठ्ठ व्यक्तींत हे आकडे मुळातच कमी येतात, तर वाढतं वय, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) आणि मूत्रपिंडाचा विकार यांमुळे ते चढतात. सॅक्युबिट्रिल-वलसार्टन हे हार्ट फेल्युअरवरचं औषध चालू असताना एनटी-प्रोबीएनपीच तपासावं, कारण बीएनपी मोडणारं एन्झाइमच हे औषध रोखून धरतं आणि बीएनपी वाढलेलं दिसतं.

या दोन्ही चाचण्या आत्ताचं हृदय दाखवतात. पुढचा धोका जोखायला एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) लागतं, आणि आयुष्यात निदान एकदा लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण). लायपोप्रोटीन-एचं प्रमाण बहुतांशी आनुवंशिक असतं. आहार-व्यायामाने फारसं हलत नाही. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आलं, तर एलडीएल अधिक काटेकोरपणे खाली ठेवावं लागतं, आणि भावंडांची व मुलांचीही तपासणी करून घ्यावी.