पार्श्वभूमी : सीमाभागातल्या लिफ्टर मुली आणि वजनगटांचा घोळ

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्याला ताकदीचा खेळ नवा नाही. गावोगाव तालमी आहेत, तालमीत मारुती आहे, आणि अगदी अलीकडेपर्यंत त्या उंबऱ्याच्या आत मुलीला जागा नव्हती. बार उचलणाऱ्या मुली आल्या त्या शाळा-कॉलेजच्या स्पर्धांतून. जगातही फार वेगळं नव्हतं. पुरुषांचं वेटलिफ्टिंग 1896 च्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये होतं. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा व्हायला 1987 उजाडलं आणि ऑलिंपिकचं दार उघडायला 2000 चं सिडनी. त्याच सिडनीत आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरीनं 69 किलो वजनगटात (हे वजन खेळाडूचं स्वतःचं) स्नॅचला, म्हणजे बार एका झटक्यात डोक्यावर नेताना, 110 आणि क्लीन अँड जर्कला, म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेताना, 130, असे 240 किलो उचलून कांस्य आणलं. ऑलिंपिकमधलं भारतीय महिलेचं ते पहिलं पदक.

सीमेपलीकडचं, महाराष्ट्रातलं कुरुंदवाड इथे मध्ये येतंच. चिकोडी तालुक्याच्या उत्तर कडेपासून ते फार लांब नाही, आणि 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिथल्या लिफ्टरांनी कांस्यपदकं मिळवली. मुलगी शिकते कर्नाटकातल्या मराठी शाळेत, म्हणजे शालेय स्पर्धेत खेळणार कर्नाटककडून. आदर्श मात्र कृष्णाकाठचे. पुढे रेल्वेत लागली तर राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ वेगळा, तेव्हा राज्याचा प्रश्न आपोआप मिटतो. किलोंचा मिटत नाही.

1998 पासून महिलांचे सात गट होते : 48, 53, 58, 63, 69, 75 आणि त्यावरचा. वरच्या टोकाला 90 चा गट वाढला तो सोडला, तर वीस वर्षं हे आकडे हलले नाहीत. मुलीची हाडापेराची ठेवण बघून प्रशिक्षक पंधराव्या-सोळाव्या वर्षीच सांगायचा, ‘तू 53 ची.’ मग जेवण, सराव, सगळं त्या आकड्याभोवती. 2018 च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग संघटनेनं ही चौकटच मोडली. दहा नवे गट आले : 45, 49, 55, 59, 64, 71, 76, 81, 87 आणि त्यावरचा. अंमल 1 नोव्हेंबर 2018 पासून. (सीमाभागात ही तारीख 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून वेगळ्याच कारणानं पाठ आहे, तो योगायोग.) जुने विश्वविक्रम बंद करून पाटी कोरी केली गेली. त्यामागे डोपिंगनं डागाळलेले आकडे होते, हे उघड आहे. पण दुखणं औषधाचं आणि पथ्य वजनाचं, आणि ते पाळायचं कुणी? ज्यांनी कधी काही घेतलं नाही त्यांनीही.

कारण दहाही गट ऑलिंपिकला नव्हतेच. टोकियोत महिलांचे सात झाले, त्यात 45, 71 आणि 81 नव्हते. पॅरिसला पाचच उरले : 49, 59, 71, 81 आणि त्यावरचा. म्हणजे 2018 मध्ये 53 ची असलेली मुलगी आधी दोन किलो चढवून 55 ला गेली. पॅरिसच्या वेळी 55 गायब, तेव्हा एक तर 59 पर्यंत वाढा, नाही तर 49 पर्यंत सुका. आणि जून 2025 पासून पुन्हा 48, 53, 58, 63, 69, वर 77, 86 आणि त्यापुढचा. फिरून जवळपास तिथेच. लिफ्टरची उमेदीची वर्षं आठ-दहा. त्यांतली सात या येरझाऱ्यांत गेली.

मणिपूरच्या मीराबाई चानूनं हे पेललं, हे खरं. 2017 मध्ये 48 किलोत 194 उचलून जगज्जेती, टोकियोत 49 किलोत 202 उचलून रौप्य. पॅरिसला 199, कांस्य एका किलोनं हुकलं. 2025 च्या जागतिक स्पर्धेत परत 48 ला येऊन पुन्हा 199 आणि रौप्य. पण तिच्यामागे राष्ट्रीय शिबिर असतं, आहारतज्ज्ञ असतो. आपल्याकडच्या मुलीचं वजन तोडणं म्हणजे आदल्या दिवसापासून पाणी बंद, अंगावर दोन स्वेटर चढवून धावणं आणि तोंडात लिंबाची फोड ठेवून थुंकत राहणं. वजन होतं स्पर्धेच्या दोन तास आधी. काट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरले तरी उतरवून परत पाठवतात. पास झाली की केळं, ग्लुकोज, आणि त्याच थरथरत्या हातांना खडूची पावडर लावून, अंगठा बोटांखाली दाबून बार धरायचा. पंधरा किलोचा तो नुसता बारच.

आता नवा पेच लॉस एंजेलिसचा. 2028 ला महिलांचे सहा गट आहेत : 53, 61, 69, 77, 86 आणि त्यावरचा. सर्वांत हलका 53. आपल्या भागात मुली सुरुवात करतात ती हलक्याच गटांतून. सांगलीच्या एका मुलीनं 2022 च्या युवा स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते 40 किलो गटात. 48 ला स्थिरावलेल्या मुलीला पाच किलो वाढवायचे आहेत, तेही चरबीचे नव्हे, स्नायूंचे. बेळगावच्या पश्चिम भागात शेंगा आणि रताळी घरची असतात, म्हशीचं दूधही असतं. अंडी, चिकन आणि प्रोटीनचा डबा विकत आणावा लागतो, आणि हा खर्च पदकाच्या आधी करायचा असतो. बक्षिसाची रक्कम येते ती पदकानंतर.